बिऱ्हाड हलवण्याआधी

वार्षिक परीक्षा संपल्या की अलोऱ्याच्या कॉलनीत बिऱ्हाडे हलू लागतात. कोणी निवृत्त झाला म्हणून क्वार्टर सोडतो, कोणाचे कंत्राट संपलेले असते. पण बहुतेक घरांत कारण एकच ऐकू येते, "मुलांच्या शिक्षणासाठी चिपळूणला जातो आहोत." कारण चांगले आहे, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. मुलांच्या शाळेसाठी गाव सोडणे ही तर आपल्या समाजाची जुनी रीत आहे. याच जिल्ह्यातल्या दापोलीत राहिलेले सुभेदार रामजी आंबेडकर आधी साताऱ्याला आणि मग १९०४ च्या सुमारास मुंबईला गेले. परळच्या चाळीत एका खोलीत राहिले आणि मुलाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. मात्र एक फरक लक्षात घ्या. रामजींच्या मनात आधी शाळा होती, खोली नंतर. आपल्याकडे आधी ओळखीतली स्वस्त खोली ठरते आणि मग जवळ जी शाळा सापडेल तिथे मुलांचे नाव घातले जाते.

म्हणून पहिला प्रश्न असा की हलणे खरोखर गरजेचे आहे का? अलोरे हे कोयना प्रकल्पाने वसवलेले गाव. कोळकेवाडी धरण आणि तिसऱ्या टप्प्याचे वीजगृह उभे राहिले तेव्हा इथे महाराष्ट्रभरची माणसे आली आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा आली. काम संपल्यावर माणसे पांगली, कॉलनीची रया गेली हे खरे. पण परशुराम एज्युकेशन सोसायटीची मो. आ. आगवेकर शाळा आहेच, आणि चिपळूणची युनायटेड इंग्लिश स्कूल चालवणारी संस्थाही तीच. मुलगा पाचवी-सहावीत असेल तर केवळ "चिपळूणची शाळा" एवढ्यासाठी घर हलवण्यात मला शहाणपण दिसत नाही. मुलीला बारावीपर्यंत एस.टी.चा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट मिळतो, मुलाला सवलतीत मिळतो. दहावीनंतर शास्त्र शाखेसाठी चिपळूणला जावे लागले तरी अंतर वीसेक किलोमीटरचे आहे. सकाळची गाडी वेळेवर येते का, एवढे मात्र आधी आठवडाभर स्टॉपवर उभे राहून पाहावे. वेळापत्रकावर विसंबू नये.

आता हिशेब. समजा अलोरे-शिरगावच्या बाजूला खोलीचे भाडे दीड हजार आहे आणि चिपळूणला साडेतीन हजार. फरक दोन हजारांचा, म्हणजे वर्षाला चोवीस हजार. त्यात डिपॉझिट, टेम्पो, नवा गणवेश, नवी पुस्तके. घरचा माणूस खडपोलीच्या कारखान्यात असेल तर त्याचे जाणे-येणे दोन्हीकडून पडणारच. या चोवीस हजारांत मुलाची दोन वर्षांची शिकवणी आणि एक बरे टेबल-खुर्ची होते. उलट आई आणि वडील दोघेही चिपळुणात कामाला असतील आणि मूल संध्याकाळी सातपर्यंत घरी एकटे राहत असेल, तर तेच चोवीस हजार जरूर खर्च करा. हिशेब प्रत्येक घराचा वेगळा असतो, पण तो कागदावर मांडल्याशिवाय टेम्पो ठरवू नये.

जायचे ठरलेच तर आधी पाणी पाहा. २२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकर विसरणार नाहीत. त्याआधी २६ जुलै २००५ चा. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत आणि नदीकाठच्या वस्त्यांत शिरले, खेर्डीलाही सोडले नाही. कोयनेच्या वीजगृहांतून निघालेले पाणीही याच नदीला मिळते आणि वर समुद्राची भरती असली की पाणी लवकर ओसरत नाही. अशा जागी खोली स्वस्त मिळते, कारण पाणी ठाऊक असलेला माणूस ती घेत नाही, बाहेरून आलेला घेतो. घरमालक भिंतीला नवा रंग देऊन ठेवतो. तेव्हा मालकाला विचारू नका. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, "एकवीस साली पाणी कुठपर्यंत आले होते?" तो हात वर करून दाखवील. जलसंपदा खात्याच्या पूररेषाही आहेत. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर कोणत्या रेषेत येते हे नगर परिषदेत विचारता येते. विचारायला पैसे पडत नाहीत. तळमजलाच परवडत असेल तर निदान वरच्या बिऱ्हाडाशी जिना चढून जाण्याइतकी ओळख असावी.

पाण्याची भीती म्हणून डोंगराकडे जायचे, तर डोंगरही पाहून घ्या. त्याच २२ जुलैला खेड तालुक्यातल्या पोसरे बौद्धवाडीवर दरड आली आणि सतरा माणसे गेली. आपल्या वाड्या बहुतेक ठिकाणी गावाच्या कडेला आहेत. कुठे उताराखाली, कुठे ओढ्याकाठी. ती जागा आपल्या आजोबा-पणजोबांनी निवडलेली नव्हती. त्यांना जी मिळाली तिथे ते राहिले. आज भाड्याची का होईना, जागा निवडण्याची सोय आपल्याला आहे, तर डोळे उघडे ठेवून निवडली पाहिजे. घराच्या मागच्या उताराला भेगा पडल्या आहेत का, झाडे किंवा विजेचे खांब कलले आहेत का, पावसात नवाच झरा फुटून गढूळ पाणी येते का, रस्त्यासाठी किंवा प्लॉटसाठी डोंगराचा पायथा अलीकडे कापला आहे का? यातले एक जरी दिसले तरी भाडे कितीही कमी असो, पुढे चला. आणि जुने क्वार्टर किंवा जुनी चाळ घेताना भिंतींचे कोपरे पाहा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवला आहे.

शाळा पाहायला सुट्टीच्या दिवशी जाऊ नये. चालू शाळेत सकाळी अकराच्या सुमारास जावे. वर्गात शिक्षक आहेत का, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, प्रयोगशाळेच्या कुलुपावर गंज आहे का, हे पाच मिनिटांत दिसते. मग तिथल्या आपल्या वस्तीतल्या आईबापांना विचारा, आपली किती मुले दहावीपर्यंत टिकली आणि मध्येच सोडलेली किती? निकालाच्या फलकापेक्षा या उत्तरावर माझा जास्त विश्वास आहे. इंग्रजी पाटी पाहून भुलणारे पालक पुष्कळ आहेत. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की घरी अभ्यास कोण घेणार?

मूल पहिलीत जाणार असेल तर घराच्या पत्त्याला फार किंमत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना त्यात उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागतो. २०२४ साली राज्य सरकारने या तरतुदीला कात्री लावली होती, ती उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. या प्रवेशात शाळेपासून घर किती अंतरावर आहे हे पाहिले जाते आणि एक किलोमीटरच्या आतल्यांचा विचार आधी होतो. भाड्याने राहणाऱ्याला पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. साध्या स्टँप पेपरवरचा चालत नाही. नोंदणी करणे ही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. मालक "कशाला एवढे?" म्हणाला तर नम्रपणे, पण ठामपणे कायद्याचे नाव घ्या.

आता न बोलला जाणारा प्रश्न. खोली रिकामी आहे असे कळते, आपण जातो, आडनाव विचारले जाते आणि "कालच दिली हो" असे उत्तर येते. अजून येते. काही जण दुसरे आडनाव सांगून मोकळे होतात. त्यांची अडचण मी जाणतो, पण मला ते पटत नाही. मोठी माणसे निभावून नेतील, मात्र त्या घरातल्या पोराला रोज खोटे सांभाळावे लागते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायचा की नाही, हा प्रश्न ज्या घरात पडतो तिथे मुलाने ताठ मानेने अभ्यास कसा करायचा? त्यापेक्षा दोन नकार जास्त पचवा. पण आपली वस्ती आहे एवढ्यावरही खोली घेऊ नका. संध्याकाळी आठ वाजता तिथून चालत जाऊन पाहा. रस्त्याला दिवे आहेत का, दारूचा गुत्ता किती जवळ आहे, मुलगी शिकवणीहून परतेल ती वाट कशी आहे? विहारात मुले अभ्यासाला बसतात की ते फक्त जयंतीला उघडते, हेही पाहा.

शेवटी कागद. आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. तरी शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तिथेच उभे राहून वाचा. नाव, आडनाव, जन्मतारीख, धर्म, जात, सगळे जुन्या नोंदीप्रमाणे आहे का? पुढे जात पडताळणीच्या वेळी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेतला तो पिवळा उतारा टेम्पोत गाद्यांखाली टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या आणि नव्या खोलीत वरच्या फळीवर ठेवा, कारण एकवीसच्या पुरात भांडी धुऊन पुन्हा वापरता आली, कागदांचा मात्र लगदा झाला. ज्यांच्याकडे असा उतारा नाही त्यांनी गाव सोडण्याआधी आजोबांच्या शाळेत अर्ज टाकावा. मे महिन्यात मुख्याध्यापक भेटले नाहीत तरी बहुतेक शाळांत कारकून भेटतो. जुनी रजिस्टरे कोणत्या कपाटात आहेत हे त्यालाच ठाऊक असते.