कार्यभार कोणाच्या हाती?

एखादा नामांकित वाद्यकार थकतो, त्याची पेढी डबघाईस येते किंवा दुसराच कोणी ती विकत घेतो, की त्याच्या वाद्यांच्या शौकिनांत एक ठरावीक चर्चा सुरू होते. आता जुन्या वाद्यांचे भाव चढतील काय? नवे वाद्य घ्यावे की थांबावे? अमुक सालापूर्वीचे तेवढे अस्सल आणि त्यापुढचे नावापुरते, असे समजावे काय? इलेक्ट्रिक गिटारच्या जगात ही चर्चा गेली कित्येक दशके अखंड चालली आहे. ती करणारी माणसे अडाणी नव्हेत. लाकडाची जात, पडद्यांची उंची, तारांचा ताण यांविषयी ती तासन्‌तास अधिकाराने बोलू शकतात. परंतु एक प्रश्न त्यांच्या बोलण्यात क्वचितच येतो: त्या वाद्यकाराच्या हातातील विद्या पुढे कोणाच्या हाती गेली? हा प्रश्न न विचारणारी रसिकता अपुरी तर आहेच. पण ती अखेर ज्या कारागिरावर प्रेम करते त्याच्याच मुळावर येते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आरंभी एका गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. इलेक्ट्रिक गिटार हे यंत्र आहे, त्यात कारागिरी ती कसली, असे सतार-सारंगीचे अभिमानी नाक मुरडून विचारतात. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावते, चुंबकाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात त्यामुळे क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो, इतकीच ही किमया, हे खरे. पण दांडी धडाला कोणत्या कोनात बसवावी, पडदे कसे घासावेत, तार बोटाखाली किती खाली असावी म्हणजे ती सुलभ दबेल आणि खडखडणारही नाही, हे वीज ठरवीत नाही; जाणत्या माणसाचा हात ठरवितो. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचे लिओ फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. तरीही १९५० च्या सुमारास त्यांनी भरीव धडाची गिटार बाजारात आणली आणि १९५४ साली ‘स्ट्रॅटोकास्टर’ सिद्ध केली, ती वादकांच्या तक्रारी ऐकून आणि पुनःपुन्हा बदल करून. कारखान्यात घडणाऱ्या वाद्यामागेही एका माणसाची पारख उभी असते, याला याहून वेगळा पुरावा नको.

हीच पारख विकली जाते तेव्हा काय होते? १९६५ च्या आरंभी फेंडर यांनी आपला धंदा सीबीएस या बलाढ्य प्रसारण कंपनीस एक कोटी तीस लाख डॉलरांना विकला. नाव तेच राहिले, आकार तेच राहिले. मात्र त्यापूर्वीची वाद्ये आणि नंतरची वाद्ये असा भेद शौकीन तेव्हापासून करीत आले. पुढे स्वतः लिओ फेंडर जॉर्ज फुलर्टन यांच्यासह ‘जी अँड एल’ या नावाखाली पुन्हा गिटारी घडवू लागले आणि १९९१ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही. म्हणजे या माणसाचे नाव एका कारखान्यात होते आणि हात दुसऱ्या कारखान्यात! नावाला दाम मिळाला. हाताकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

आमच्या वाचकांत सरकारी नोकरीनिमित्त गावोगाव फिरणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना ही विसंगती चटकन उमगेल. आपल्याकडे माणूस बदलतो, पद राहते. आणि त्यात काही वावगे नाही. कारण जाणारा अधिकारी कार्यभार सोपवून जातो. फायली असतात, टिपणे असतात, अपुऱ्या कामांची यादी असते, दोघांच्या सह्या होतात. वाद्याच्या बाजारातही नावाला पदासारखेच वागविले जाते. भेद एवढाच की येथे कार्यभार सोपविलाच जात नाही. नव्या मालकाच्या हाती शिक्का पडतो, फायली पडत नाहीत. मग त्याने त्या शिक्क्याखाली काय वाटेल ते पाठवावे आणि आपण ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ म्हणून उसासे टाकावेत!

‘पार्कर’ गिटारची कथा या बाबतीत बोलकी आहे. केन पार्कर आणि पिकअप-निर्माते लॅरी फिशमन यांनी १९९३ साली ‘फ्लाय’ नावाची गिटार पुढे आणली. हलक्या लाकडावर कार्बन व काच यांच्या तंतूंचे पातळ कवच, गंज न चढणारे पोलादी पडदे, चुंबकीय पिकअपच्या जोडीला घोडीतच बसविलेले दाबसंवेदी पिकअप, आणि या सर्वांसह वजन जेमतेम सव्वादोन किलो! गिटार म्हणजे काय याचा मुळापासून फेरविचार करणारी अशी वाद्ये थोडीच झाली. पुढे ती पेढी दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली आणि २०१६ च्या सुमारास उत्पादन थांबले. ज्यांच्याजवळ ती वाद्ये आहेत त्यांना तिच्या खास सुट्या भागांसाठी आज वणवण करावी लागते. कारण ते भाग दुसऱ्या कोणत्याही गिटारला लागत नाहीत आणि म्हणून दुसरा कोणी बनवीतही नाही. येथे वाद्याची कीर्ती शिल्लक आहे, त्याचा सांभाळ करणारे घर नाही.

यावर ‘हा बाजाराचा नियम आहे, मागणी सरली की धंदा सरतो’ असे ठोकळेबाज उत्तर मिळते. आम्हांस ते मान्य नाही. १ मे २०१८ रोजी गिब्सन या विख्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिच्यावर सुमारे पन्नास कोटी डॉलरांचे कर्ज होते. ते गिटारींना गिऱ्हाईक नव्हते म्हणून झालेले नव्हते. घरगुती ध्वनियंत्रांचे इतर धंदे कर्ज काढून विकत घेण्याच्या हव्यासाने तिला बुडविले होते. गिटारचा धंदा तर आपल्या पायांवर उभा होता. तेव्हा कारागिरी मेली असे प्रत्येक वेळी म्हणू नये. पुष्कळदा तिच्या कमाईवर दुसऱ्याच कोणाची चैन चाललेली असते.

दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. याच गिब्सनने १९८४ साली कॅलमाझू येथील आपला जुना कारखाना बंद केला. तेथील काही कारागिरांनी गाव सोडण्याचे नाकारले आणि १९८५ साली त्याच इमारतीत ‘हेरिटेज’ ही छोटी पेढी काढली. नाव गेले, हात राहिले! त्याच वर्षी फेंडर कंपनीही तिच्यातील अधिकारी-कर्मचाऱ्यांनी सीबीएसकडून परत विकत घेतली. फुलर्टनचा कारखाना त्या व्यवहारात मिळाला नाही. तरीही त्यांनी नव्याने घडी बसविली. पॉल रीड स्मिथ या तरुण वाद्यकाराला पेटंट कार्यालयातील कागद चाळताना टेड मॅकार्टी हे नाव पुनःपुन्हा दिसले. हे गृहस्थ १९५० ते १९६६ या काळात गिब्सनचे अध्यक्ष होते. स्मिथ यांनी त्यांना शोधून काढले, सल्लागार नेमले, त्यांच्याकडून जुन्या रीती समजावून घेतल्या आणि १९९४ साली आपल्या एका गिटारला त्यांचे नाव दिले. ज्या कागदांकडे इतरांचे लक्ष गेले नाही, त्यांतून एका तरुणाने गुरू मिळविला. कार्यभार घेणे ते यालाच म्हणावे!

म्हणून आमचे दोन आरोप आहेत. पहिला वाद्यकारांवर. आपले कसब मुठीत झाकून ठेवावे, शिष्य घडवू नये, मापे कागदावर उतरवू नयेत आणि आपल्यामागे सारे संपले म्हणजेच आपले मोठेपण सिद्ध झाले असे मानावे, ही वृत्ती थोर म्हणवून घेण्यास पात्र नाही. न्यूयॉर्कचे जॉन डी’अँजेलिको १९६४ साली वारले, तेव्हा १९५२ पासून त्यांच्या हाताखाली शिकलेले जेम्स डी’अ‍ॅक्विस्टो अपुरी वाद्ये पुरी करण्यास तयार होते. शिष्य असला म्हणजे मृत्यूदेखील कारखान्याला कुलूप लावू शकत नाही.

दुसरा आणि अधिक गंभीर आरोप शौकिनांवर आहे. जुने वाद्य दहा हातांतून फिरते, दर खेपेस त्याची किंमत वाढते आणि ते घडविणाऱ्याच्या घरी त्यातली कवडीही पोहोचत नाही. तो जिवंत असताना ‘भाव जास्त आहे’ म्हणून पाठ फिरवावयाची आणि त्याचे दार बंद झाल्यावर त्याच वाद्याला तिप्पट मोल द्यावयाचे, ही रसिकता नव्हे. हा सट्टा आहे. ज्याला खरेच प्रेम असेल त्याने हयात कारागिराकडे नवे वाद्य सांगावे, त्यासाठी वर्षभर वाट पाहावी, दुरुस्तीचे दाम घासाघीस न करता द्यावेत, आणि ‘तुमच्या हाताखाली कोण शिकते?’ हा प्रश्न विचारल्यावाचून दुकानाची पायरी उतरू नये.

‘अमेरिकेतील गिटारींची ही उठाठेव आपल्याला कशाला?’ असे कोणी विचारील. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपण सर्वांनी दूरच्या गावी बसून अभिमानाने ती वार्ता वाचली. अभिमान रास्तच होता. परंतु मानांकनाने नाव राखले जाते. भोपळा पारखणारा, जवारी काढणारा हात राखण्याचे काम कोणत्याही दाखल्याने होत नाही. ते काम गिऱ्हाइकाचे आणि शिष्याचे आहे. आपल्यापैकी कितीजणांनी गेल्या दहा वर्षांत मिरजेला एक तंबोरा सांगितला, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आणि तो जमेस येत नसेल, तर फुलर्टन नि कॅलमाझूच्या लोकांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.