पुढे नेहमीप्रमाणे

हडपसरला आमच्या इमारतीत मजल्यागणिक एक तरी संगणकवाला राहतो. त्यांच्यापैकी कुणालाही ‘कर्नेल म्हणजे काय हो?’ असं विचारावं. तो आधी हसतो. मग सांगतो, की हा वानवडीचा निवृत्त कर्नल नव्हे. संगणकाचं यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामधला हा कारभारी. १९९१ साली लिनस टॉरवल्ड्सने लिहायला घेतलेला लिनक्सचा कर्नेल तर आपल्या यंत्राच्या मापाने घरी बेतून घेता येतो. येतो म्हणजे, कृती धड लिहिलेली असली तर!

माझं भांडण आहे ते या ‘तर’शी. तळमजल्यावरच्या मुलाला क्लासात मिळालेला कागद मी वाचला. पहिलंच वाक्य : ‘आवश्यक ते पर्याय निवडा.’ पर्याय हजारोंनी; आवश्यक कुठले ते कळत असतं, तर पोरगं कागद कशाला घेतं? मग ‘मेक डेप’ हा हुकूम. हा २००३च्या डिसेंबरात २.६ आवृत्ती आली तेव्हाच अनावश्यक झाला, म्हणजे या मुलाच्या जन्माआधी. आणि शेवटी, ‘पुढे नेहमीप्रमाणे.’ अहो, नेहमी कुणाच्या? गाडीतळावर पत्ता विचारणाऱ्याला आपण ‘नेहमीच्या वळणावर डावीकडे’ असं सांगतो का? जुना कर्नेल राहू द्या, नवा बिघडला तर त्यावरून यंत्र सुरू करता येईल, हे एक वाक्य मात्र कुठेच नाही.

यंत्र बंद पडलं याचं मला फारसं वाटत नाही. ‘काका, आपल्याला डोकंच नाही,’ असं तो म्हणाला, त्याचा राग आहे.

कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप दिलं, तेव्हा किती नवख्या हातांचा स्वयंपाक तरला! संगणकवाल्यांचं अजून ‘मीठ अंदाजाने’ चाललंय. विचारलं की ‘लिहायला वेळ कुणाला?’ मग कर्नेल लिहिणाऱ्यांना तो कुठून मिळतो? नवा पर्याय घातला तर त्याची माहितीही सोबत लिहा, असं त्यांच्या नियमांत आहे. कंपायलर वगैरे हत्यारं किमान कुठल्या आवृत्तीची हवीत, ती यादीही कर्नेलसोबतच येते. (ती उघडून बघतो कोण, हा भाग निराळा.)

कागदाच्या डोक्यावर आवृत्ती आणि तारीख घाला. जुनं झालं ते खोडा. एका रेघेचं काम आहे. आणि छापण्यापूर्वी नवख्याकडून करवून घ्या. आमच्या तळमजल्यावर एक आहे. पाठवून द्या, करून पाहील.