पंधरा तासांचं गणित

परवा वाशीला एका लग्नात पुन्हा तेच वाक्य कानावर पडलं. "आता अमेरिका म्हणजे काय हो, पंधरा तास! आणि विमानतळ तर आपल्या दारात आलाय. यायचंच असेल तर माणूस येतोच." २५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याला विमानं उतरू लागल्यापासून या वाक्याला जास्तच जोर चढलाय.

लग्नघरात वाद नको म्हणून मी गप्प बसले. इथे मात्र लिहिणार आहे. नातेवाईकांनी राग मानू नये... किंवा मानावा थोडा.

मी जन्मभर भूगोल शिकवला. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलं तर मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात, हे खरंच. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं विमान लंडनला निघालं, ते कैरो, जिनिव्हा करत १० जूनला पोचलं. आता तिथे नऊ-दहा तासांत जाता येतं. प्रगती मला मान्य आहे.

पण हे तास विमानाचे. माणसाचे वेगळे.

२०१६ च्या जुलैत हे गेले. शनिवारी रात्री नऊला मी मुलाला फोन केला, तेव्हा न्यूजर्सीत सकाळचे साडेअकरा वाजले होते. थेट विमानात जागा नव्हती. युरोपमार्गे तिकीट मिळालं, ते संध्याकाळी साडेसहाचं. साडेसात तास प्रवास, चार तास मधे बसून, पुढे नऊ तास. मग इमिग्रेशनची रांग आणि पावसात सहारहून नेरूळ. दारात आला तेव्हा सोमवारचे पहाटेचे तीन वाजले होते. म्हणजे तीस तास! रविवारी संध्याकाळीच सगळं आटोपलं होतं.

आणि तेराव्याला मी काय ऐकलं? "पंधरा तासांत पोचता आलं असतं." त्याच्यासमोर म्हणाले. तो मान खाली घालून वाढत होता.

माझं म्हणणं एवढंच, की वेळापत्रकातला आकडा घेऊन कुणाच्या मायेचं माप काढू नका. फोनवर आवाज क्षणात येतो म्हणून माणूसही तसाच येईल असं आपल्याला वाटायला लागलंय. तिकीट, रजा, लहान मुलं, हे कुणी धरतच नाही. कित्येकांचा परतीचा व्हिसा संपलेला असतो. इथे आले तर नव्या शिक्क्याशिवाय नोकरीवर परत जाता येत नाही. न येणारीही मुलं असतात, नाही असं नाही. पण ती पंधरा मिनिटांवर राहूनही येत नाहीत. त्याला अंतर काय करणार?

मुलाला मी सांगून ठेवलंय, माझ्या वेळी धावपळ करू नकोस. माझ्या हातचा चहा मिळतोय तोवर येऊन जा.

असो.