पंधरा तारखेचा ऊस गेला कुठे?

तारखा गाळायला 'बिट्विन' वापरणाऱ्यांनो, हंगामात एकदा रात्री बिद्रीला या. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याच्या वजनकाट्याला रात्र काय नि दिवस काय, सारखंच. उसाचं बिल पंधरवड्याचं. मग क्वेरी काय लिहाल? 'बिट्विन १ डिसेंबर अँड १५ डिसेंबर'. वाचायला किती गोड! पण कॉलम डेटटाइम असेल तर तुमची १५ तारीख ००:००:०० ला सुरू होते आणि तिथेच संपते. दिवसभराच्या खेपा गायब. पुढची क्वेरी १६ पासून, म्हणजे त्या तिथेही नाहीत!

मग हुशार लोक २३:५९:५९.९९९ चिकटवतात. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम ते गोल करून थेट १६ तारखेत ढकलतो. घ्या, आता मध्यरात्रीची खेप दोनदा.

अहो, '१ पासून पुढे, १६ च्या आत' एवढं लिहायला काय जातं? म्हणे "युजर पंधराच टाकतो". टाकू दे की! एक दिवस तुम्ही मिळवा, पगार त्याचाच घेता ना?

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. काट्याची पावती घेऊन शेतकरी खिडकीवर उभा राहील, तेव्हा त्याला डेटटाइम समजवायला तुम्ही येणार आहात का?