विक्रमांच्या यादीत कोण नाही?

घोड्यांची शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचं महालक्ष्मी येतं. सपाट हिरवळ, गोल ट्रॅक, दोन-अडीच मिनिटांत खेळ खल्लास. आता जरा वेगळं चित्र डोळ्यांपुढे आणा. अंतर ६,९०० मीटर. वाटेत ३१ अडथळे. कुठे झुडपांचं कुंपण, कुठे पाण्याने भरलेला चर, कुठे मातीचा उंच बांध, ज्यावर चढून पलीकडे उतरायचं. मधेच नांगरलेलं रान. घोडा आणि स्वार या सगळ्यातून नऊ-दहा मिनिटं धावतात. जे शेवटपर्यंत पोचतात, त्यांच्यातून पहिला कोण ते ठरतं.

ही शर्यत म्हणजे ‘वेल्का पार्दुबित्स्का’. चेक प्रजासत्ताकातल्या पार्दुबित्से शहरात ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये होते. पहिली शर्यत ५ नोव्हेंबर १८७४ रोजी झाली, तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. १४ घोडे सुटले, सहाच पोचले. ‘फांटोम’ नावाचा घोडा जिंकला आणि त्याच्यावर सेयर्स नावाचा इंग्रज जॉकी होता. मधली काही वर्षं आणि दोन महायुद्धं सोडली तर ही शर्यत आजही चालू आहे.

या प्रकाराला ‘स्टीपलचेस’ म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. १७५२मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यात दोन गृहस्थांची पैज लागली होती, की एका गावच्या चर्चपासून दुसऱ्या गावच्या चर्चपर्यंत आधी कोण पोचतो. मनोरा दिसतोय तिकडे सरळ घोडा काढायचा, मग मधे शेत येवो, कुंपण येवो नाहीतर ओढा. ऑलिंपिकमध्ये आपला अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेस पळतो ना, त्या नावाचं मूळही इथेच आहे.

आता विक्रमांकडे येऊ, कारण मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच.

पार्दुबित्सेच्या यादीत सगळ्यात वर एक नाव आहे, योसेफ वान्या. जॉकी म्हणून आठ विजय. त्यातले चार ‘झेलेझ्निक’ या एकाच घोड्यावर, १९८७, १९८८, १९८९ आणि १९९१ साली. चार वेळा जिंकणं हा घोड्यांमधलाही विक्रम आहे. १९९४मध्ये जर्मनीतल्या शर्यतीत वान्या असा पडला, की मरणाच्या दारातून परत आला. तीन वर्षांनी तोच माणूस पुन्हा खोगिरावर बसून पार्दुबित्से जिंकला. मग २००९, २०१० आणि २०११ अशी ‘ट्यूमेन’वर सलग तीन वर्षं. शेवटच्या विजयाच्या वेळी त्याला ५९वं वर्ष सरत आलं होतं! आपल्याकडे या वयात लोक रिटायरमेंटच्या सत्काराची शाल निवडतात.

हे सगळं थक्क करणारं आहे, वादच नाही. पण याच यादीत १९३७ सालासमोर एक नाव आहे. त्याच्यापुढे आकडा फक्त १. लाता ब्रांदिसोवा. शर्यतीच्या पहिल्या दीडशे वर्षांत जिंकलेली ती एकमेव बाई. माझं म्हणणं असंय, की हा १ त्या ८पेक्षा लहान नाही. का, ते सांगते.

लाता पहिल्यांदा या शर्यतीत उतरली १९२७ साली. तोवर एकही बाई उतरली नव्हती. ही शर्यत म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांचा आणि उमरावांचा आखाडा. बाईने त्यात यावं याला विरोध झाला, पण तिला उतरायला मिळालं. त्या दिवशी ती एकदा नाही, अनेकदा पडली. प्रत्येक वेळी पुन्हा मांड ठोकली आणि पाचवी आली. पुढची दहा वर्षं ती येत राहिली.

१९३७चा ऑक्टोबर. शेजारच्या जर्मनीत हिटलर. चेकोस्लोव्हाकियाचे संस्थापक मासारिक यांना जाऊन जेमतेम महिना झालेला. जर्मन लष्करी स्वार या शर्यतीत जिंकायला येत होते, जिंकतही होते, आणि तिकडे त्या विजयांचा गाजावाजा वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून होत होता. अशा वेळी ४२ वर्षांची लाता ‘नॉर्मा’ नावाच्या घोडीवर बसली. किन्स्की घराण्याच्या पागेतली, सोनेरी झाक असलेली घोडी. त्या दोघींनी सगळ्यांना मागे टाकलं. पुढच्या वर्षी म्युनिक करार झाला, शर्यत झालीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी देशच गिळला गेला.

पुढचं वाचताना खरंच राग येतो. युद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आली आणि लाता ‘उमराव घराण्यातली’ म्हणून नकोशी झाली. घराण्याची मालमत्ता गेली. ती बहिणींबरोबर रानातल्या एका झोपडीवजा घरात राहिली. तिथे वीज नव्हती, नळ नव्हता. १९८१मध्ये ती गेली, तेव्हा तिचं नाव आठवणारे थोडेच उरले होते.

आता हे पाहा. इंग्लंडची ग्रँड नॅशनल ही जगातली सगळ्यात गाजलेली स्टीपलचेस. तिथे पहिली बाई, शार्लट ब्रू, स्पर्धेत उतरली १९७७मध्ये. पहिली बाई, रेचेल ब्लॅकमोर, जिंकली २०२१मध्ये. म्हणजे लातानंतर तब्बल ८४ वर्षांनी! या ८४ वर्षांत बायकांना घोड्यावर बसता येत नव्हतं, असं कोणी म्हणेल का? ग्रँड नॅशनलच्या १९७७पर्यंतच्या विक्रमांच्या यादीत बाईचं नाव नाही, याचं कारण बायका हरल्या हे नाही. त्या सुरुवातीच्या रेषेवरच नव्हत्या.

विक्रमांच्या यादीची गोम इथेच आहे. ती ‘कोण जिंकलं’ हे चोख सांगते. ‘कोणाला पळू दिलं’ याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आणि ही गोम फक्त बायकांपुरती नाही. या शर्यतीत आणखी कोणीतरी आहे ज्याला कोणी विचारलेलं नसतं. घोडा. पार्दुबित्सेचा चौथा अडथळा आहे ‘टॅक्सिस’. दीड मीटर उंच कुंपण आणि त्याच्या पलीकडे रुंद खंदक. उडी मारेपर्यंत घोड्याला तो खंदक दिसतच नाही. वर्षातून फक्त एकदा, याच शर्यतीत, त्यावरून उडी मारली जाते. अडथळा सोपा करायची चर्चा निघाली तेव्हा थुर्न-टॅक्सिस घराण्याच्या प्रिन्स एगोनने त्याला हात लावू नका म्हणून बाजू मांडली, आणि त्याचंच नाव अडथळ्याला चिकटलं. ज्यांच्या माना आणि पाय तिथे मोडले, त्या घोड्यांची नावं कशाला चिकटली? माणसंही गेली. १९२६ आणि १९३०चा विजेता कॅप्टन रुडॉल्फ पोप्लर १९३२मध्ये याच शर्यतीत पडून मेला.

१९९२मध्ये प्राणिप्रेमी आंदोलक थेट ट्रॅकवर उतरले, पोलिसांशी झटापट झाली. त्यानंतर टॅक्सिसचा खंदक दोन मीटरवरून एक मीटर खोलीवर आणला गेला. तेव्हाही ‘परंपरा बुडाली’ अशी ओरड झाली. शर्यत बुडाली का? नाही. वान्याचे पाचवा ते आठवा हे चार विजय त्यानंतरचेच आहेत, आणि त्यांना कोणी ‘सोपे’ म्हणत नाही.

आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवरून २०१४च्या बंदीपासून २०२३च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत जो वाद चालला, त्यातही हेच दोन गट होते. एक म्हणतो ‘बंदच करा’, दुसरा म्हणतो ‘हात लावू नका’. मला दोन्ही पटत नाहीत. खेळ ठेवायचा असेल तर नियम बदलायची तयारी हवी. आणि निकालाच्या शेजारी किती जनावरं जखमी झाली, किती मेली, हाही रकाना हवा, तितक्याच ठळक अक्षरांत. तो रकाना लाज वाटेल इतका भरला, तर खेळाचं काय करायचं ते लोक ठरवतील.

तुम्ही म्हणाल, चेक देशातल्या शर्यतीचं आम्हाला काय? घोडामैदान लांब नाही. तुमच्या कॉलेजच्या जिमखान्यात भिंतीवर चॅम्पियन्सच्या नावांची पाटी असेल. उद्या ती नीट वाचा. मुलींची नावं कोणत्या सालापासून सुरू होतात? हॉस्टेलमधली, खेड्यातून येणारी, संध्याकाळी पार्टटाइम काम करणारी मुलं त्यात आहेत का? प्रॅक्टिस कितीला असते, आणि त्या वेळेला कोण येऊच शकत नाही?

पाटीवर ज्यांची नावं आहेत त्यांनी घाम गाळलाय, त्यांचं कौतुक करायलाच हवं. पण जे पाटीवर नाहीत ते कमी पडले, असं लगेच ठरवू नका. आधी विचारा, त्यांना रेषेवर उभं राहायला मिळालं होतं का? उत्तर ‘नाही’ आलं, तर पुढच्या वर्षीच्या ट्रायल्सची वेळ बदलून घ्यायचा अर्ज जिमखाना सेक्रेटरीकडे तुम्हीच द्या. लाताला पहिली संधी ते जिंकणं यात दहा वर्षं लागली. तुमच्या कॉलेजमधल्या कोणाची तरी ती दहा वर्षं अजून सुरूच झालेली नसतील.