मैदानाकडे पाठ

इंग्लंडमध्ये एमएस्सी करत होतो त्या वर्षी मी प्रोफेशनल फुटबॉलच्या पंधरा-सोळा मॅचेस प्रत्यक्ष मैदानात हजर राहून 'अटेंड' केल्या आणि एकही गोल पाहिला नाही. थापा मारत नाहीये मंडळी. मी तिथे स्टुअर्ड होतो.

"म्हणजे विमानातला का रे?" आईने फोनवर विचारलं होतं. तर नाही. टीव्हीवर कॉर्नर घेताना मागे भडक जाकीट घातलेली, खेळाकडे पाठ करून उभी असलेली माणसं दिसतात ना, त्यातला एक. बाबांनी एका शब्दात निकाल लावला, "वॉचमन." विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता यायचं, पगार किमान वेतनाच्या आसपास, आणि शनिवारी तीनची मॅच म्हणजे लेक्चर बुडायचा प्रश्न नाही. म्हटलं, वॉचमन तर वॉचमन.

मॅचच्या दोन-तीन तास आधी हजर व्हायचं, ब्रीफिंग ऐकायचं आणि आपल्या जागेवर जायचं. माझ्याकडे स्टँडमधला एक जिना होता. त्यावर कुणी उभं राहता कामा नये, बस्स. खाली बाहेर पडायचं दार होतं, तिथे दुसरा एक जण. आत प्रेक्षक आहेत तोवर त्याने दार सोडायचं नाही, लघवीला जायचं तरी बदली माणूस आल्यावर. मला हे सगळं अतीच वाटायचं. एकदा पेनल्टी मिळाली तेव्हा न राहवून मी मागे वळलो. आमच्या सुपरवायझर, साठीच्या एक बाई, खांद्यावर टिचकी मारून म्हणाल्या, "तिकडे बघायचे पैसे ते लोक देतात. तुला पैसे इकडे बघायचे मिळतात."

मग बघायला शिकलो. गोल झाला की गेला, हे तोंडांवरून कळायला लागलं. पण खरं बघायचं ते वेगळंच. माणसं स्वतःच्या पायाने हलताहेत की गर्दी त्यांना हलवतेय? हात वर काढता येतोय का? बाहेर फिरत्या फाटकांमधून किती आत आले याचा आकडा कंट्रोल रूममध्ये दिसत असतो; पण तो आकडा म्हणजे आमच्या ऑफिसातल्या डॅशबोर्डसारखा. सगळं हिरवं दिसतं आणि सर्व्हर कधीच आडवा झालेला असतो.

हे सगळं अती का नव्हतं, ते नंतर वाचून कळलं. 11 मे 1985 ला ब्रॅडफर्डमध्ये लाकडी स्टँडखाली साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला. काही मिनिटांत अख्खा स्टँड पेटला. मागच्या बाजूला पळालेल्यांना दारं बंद मिळाली. 56 माणसं गेली. पुढे मैदानात उतरता आलं म्हणून बाकीचे वाचले, कारण तिथे जाळी नव्हती.

चार वर्षांनी, 15 एप्रिल 1989 ला, शेफील्डच्या हिल्सबरोमध्ये जाळी होती. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक मोठं फाटक उघडलं. समोरच एक बोगदा, तो थेट मधल्या दोन कोंडवाड्यांत जाणारा, जे आधीच गच्च भरले होते. दोन्ही बाजूंच्या कोंडवाड्यांत जागा होती. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून "इकडून नका, बाजूने जा" म्हणणारं कुणीही नव्हतं. 97 जीव गेले. शेवटचा, तेव्हाच्या जखमांमुळेच, 2021 मध्ये. आणि दोष कुणाला दिला? दारू पिऊन आलेल्या प्रेक्षकांना. प्रेक्षकांचा काही दोष नव्हता, हे ज्युरीने सांगेपर्यंत 2016 साल उजाडलं.

आता माझा मुद्दा. आपल्याकडे याला शब्द आहे 'चेंगराचेंगरी'. मारामारी, ढकलाढकली, तशी चेंगराचेंगरी. म्हणजे लोकांनी एकमेकांना केलेली! शब्दातच निकाल लागून गेला. फाटक कुणी बंद ठेवलं, जिना किती फुटी होता, हे विचारायचं कारणच उरत नाही.

मी वाईचा. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीच्या यात्रेत जवळजवळ तीनशे माणसं गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमच्या गल्लीतल्या एक काकू तिथून परत आल्या आणि त्यानंतर कधी बाजारालासुद्धा एकट्या गेल्या नाहीत. मोठी माणसं ओट्यावर बसून एकच बोलायची, "लोकांना शिस्तच नाही." नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, अरुंद वाट, हेही तीच माणसं सांगायची, पण निष्कर्ष शिस्तीचाच. 2017 मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 23 जण गेले, 2025 मध्ये बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11. दोन्ही वेळा ऑफिसच्या कँटीनमध्ये मी हेच वाक्य ऐकलं.

इंग्लंडमधले लोक शिस्तीचे असतात, असं कुणी म्हणणार असेल तर त्याने एकदा डर्बीच्या दिवशी माझ्या जिन्यावर उभं राहावं. त्यांच्या शिव्या मला आजही पाठ आहेत. ऐंशीच्या दशकात याच लोकांना गुंड समजून पिंजऱ्यात उभं करत होते. 1990 च्या टेलर अहवालानंतर जाळ्या गेल्या, वरच्या दोन डिव्हिजन्समध्ये सगळ्यांना खुर्च्या आल्या (आणि तिकिटं इतकी महागली की जुने कामगार प्रेक्षक घरीच बसले, तेही खरंच). माणसं मात्र तीच होती.

आपल्याकडे माणसांची कमी नाही. बिल्ला लावलेले, शिट्टी फुंकणारे स्वयंसेवक ढिगाने असतात. पण ते सगळे देवाकडे, नाहीतर पाहुण्यांच्या गाडीकडे तोंड करून उभे. पोलीस गर्दीकडे बघतात ते काठी घेऊन, ती मागे सारायला. मागे कोण दबतंय हे बघणं हे कुणाचं तरी ठरवून दिलेलं, पगारी काम असायला हवं असं मला वाटतं. बाबांना अजूनही ते वॉचमनचंच वाटतं, असो.

गेल्या वर्षी पुण्यात विसर्जन मिरवणूक बघायला आईला घेऊन लक्ष्मी रोडला गेलो होतो. मानाचा गणपती समोर आला, ढोल टिपेला पोचला, मागून रेटा आला आणि मी आपोआप उलटा वळलो. एका बोळाच्या तोंडाशी बाबागाडी अडकली होती.

"अरे, तिकडे काय बघतोस?" आई ओरडली. "बाप्पा इकडे आहे!"