रिक्षातली चौथी सीट नाकारा

शेअर रिक्षात मागे तीन जण बसलेले असतात. तरी चालक हात करतो, "या, पुढे बसा." आपल्याला घाई असते आणि पुढची रिक्षा कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून आपण त्याच्या शेजारी अर्धे अंग टेकवून बसतो. मागचे तिघेही काही बोलत नाहीत. एक डॉक्टर म्हणून माझे मत स्पष्ट आहे : ही चौथी सीट आपण नाकारायला हवी. आपण मागे बसलेलो असू, तेव्हाही.

यामागचे कारण समजून घ्या. रिक्षा ही हँडलवर चालणारी तीन चाकांची गाडी. पुढे एकच चाक असल्याने वेगात वळताना ती एका बाजूला कलंडू शकते. मागे दोन चाके असल्यामुळे मागचे वजन तिला स्थिर ठेवते. पुढे, आणि तेही एका कडेला, वजन वाढले की तोल लवकर जातो. शिवाय शेजारी माणूस असला की चालकाला हँडल पूर्ण वळवता येत नाही. साध्या रिक्षाचा परवाना चालक सोडून ३ प्रवाशांचा असतो, तो याचसाठी. पुढे बसलेल्याला ना दार, ना पट्टा, ना पाठीला आधार. अचानक ब्रेक लागला तर तो थेट रस्त्यावर पडू शकतो आणि डोके आपटू शकते.

"तीन सीटमध्ये परवडत नाही" हे चालकाचे म्हणणे खोटे नाही. पण त्याचा उपाय भाडे आणि रिक्षांची संख्या ठरवणाऱ्यांनी करायचा आहे. त्याची किंमत तुमच्या डोक्याने का मोजायची?

आता मागे बसणाऱ्यांनी काय सांभाळायचे ते पाहू.

ओढणी, पदर, स्कार्फ : प्रसिद्ध नर्तकी इसाडोरा डंकन हिचा मृत्यू १९२७ साली असाच झाला. फ्रान्समधल्या नीस शहरात तिचा लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकला. रिक्षाची बाजू उघडी असते आणि मागचे चाक तुमच्या अगदी जवळ असते. ओढणी गळ्याभोवती असेल तर क्षणात फास बसतो. बसल्याबरोबर ओढणी गोळा करून मांडीवर घ्या किंवा कमरेला बांधा. गळ्याला असा हिसका बसलाच, तर वरून खूण दिसली नाही तरी लगेच रुग्णालयात जा. आवाज बसणे, गिळताना दुखणे, श्वासाला त्रास होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. आतली सूज काही तासांनी वाढू शकते.

आजी-आजोबांचा मणका : मागची सीट जवळजवळ मागच्या चाकांवरच असते, त्यामुळे खड्ड्याचा दणका सरळ पाठीच्या कण्यात जातो. हाडे ठिसूळ झालेली असतील, विशेषतः पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या स्त्रियांमध्ये, एवढ्या दणक्यानेही मणका दबून मोडू शकतो. छाती आणि कंबर जिथे जुळते तिथले मणके यात जास्त सापडतात. वयस्कर माणसाला मध्ये बसवा. पाठ सीटला टेकलेली, दोन्ही पाय खाली टेकलेले आणि एक हात दांड्यावर असू द्या. निघतानाच चालकाला सांगा, "दादा, गतिरोधकावर अगदी हळू घ्या." प्रवासानंतर पाठीत नवे, तीव्र दुखणे सुरू झाले तर "लचक भरली" म्हणून चोळत बसू नका. एक्स-रे काढून घ्या.

गरोदर स्त्रिया : रिक्षाच्या नेहमीच्या धक्क्यांनी गर्भपात होतो, ही भीती बाळगू नका. सुरुवातीच्या महिन्यांतले बरेचसे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. मात्र पोटावर मार बसला, रक्तस्राव झाला, पोट घट्ट होऊ लागले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मुले : मूल कडेला बसवू नका आणि बाहेर पाहण्यासाठी उभेही करू नका. तान्हे बाळ मांडीवर असेल तर तुम्ही स्वतः मध्ये बसा. शाळेच्या रिक्षात आडवी फळी टाकून किती मुले बसवली आहेत आणि दप्तरे बाहेर कशी लटकली आहेत, हे एकदा स्वतः उभे राहून बघा. मग इतर पालकांशी बोला. एकट्या पालकाचे म्हणणे चालक टाळू शकतो, दहा पालकांचे टाळत नाही.

आणि सर्वांसाठी : कोपर बाहेर काढू नका, रिक्षा पूर्ण थांबल्यावरच उतरा.

एवढे करूनही कुणी पडलेच, तर त्याला उचलून, दुमडून दुसऱ्या रिक्षात कोंबू नका. मानेला किंवा पाठीला मार असेल तर अशा ओढाताणीने मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मान हलू देऊ नका, रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी असेल तर "आता बरा आहे" म्हणून घरी नेऊ नका.

यातल्या कुठल्याही गोष्टीला पैसे लागत नाहीत. लागतो तो थोडा संकोच बाजूला ठेवणे. "हळू चला" म्हणणे हा चालकाचा अपमान नाही. उद्या कुणी "या, पुढे बसा" म्हणाला, तर हसून सांगा, "नको दादा, मी मागच्या रिक्षाने येतो." आणि तुम्ही मागे बसलेले असाल, तर पुढे चढणाऱ्याला थांबवा. दहा मिनिटे उशीर झाला तर कामाला होईल, जिवाला नाही.